रेघेखालचं पाणी

मी एक जुना निळा ड्रम आहे. मित्रांनो, ताशाबरोबर वाजतो तो नव्हे, पाणी साठवतो तो. घुमायला मलाही येतं, आणि त्या घुमण्यावरच ही सगळी गोष्ट उभी आहे. पण ते पुढे येईल.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. आठवतो तो लिंबाचा वास, कारण आधी माझ्यात सरबताचा अर्क भरलेला होता. तो संपला आणि मी कल्याणच्या बाजारात जुन्या ड्रमांच्या रांगेत येऊन उभा राहिलो. तिथे उत्तमने मला टिचकी मारून पाहिली, आत डोकं घालून वास घेतला, भरपूर घासाघीस केली आणि टेम्पोत घालून ठाण्याजवळच्या दिव्याला आणलं. त्यांच्या इमारतीत लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. चार जिने त्याने मला डोक्यावर नेलं. त्याच्या बायकोने, प्राचीने, मला तीन वेळा सोड्याने घासलं, तरी आठवडाभर घरातल्या चहाला लिंबाची चव होती. उत्तम म्हणायचा, "मस्त लागतोय," आणि प्राची त्याच्याकडे रागाने बघायची.

दिव्याला आमच्याकडे एक दिवसाआड पाणी यायचं, तेही सकाळी पाऊण तास. त्यामुळे माझा मान मोठा होता. देवघर एका कोपऱ्यात, तर मी दुसऱ्या. पाहुणे आले की प्राची अभिमानाने सांगायची, "ड्रम आहे म्हणून निभतंय." मीही ते ऐकून जरा ताठ उभा राहायचो. माझ्या आत उत्तमने प्राचीच्या नेलपॉलिशने एक लाल रेघ ओढली होती. पाणी रेघेखाली गेलं की कपडे धुवायचे नाहीत, फरशी पुसायची नाही. उरलेलं पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला. घरात त्या रेघेला सगळे वचकून असत.

त्यांचा धाकटा सुशांत तेव्हा अजून बोबडं बोलत होता आणि मुलगी रुचिता तिसरीत होती. माझं नाव निळू, ते तिनेच ठेवलेलं. पाणी यायच्या दिवशी मला रिकामा करून घासायचं काम तिचं. मोठ्या माणसाचा हात तळापर्यंत पोचत नाही, म्हणून तिला घासणी देऊन माझ्यात उतरवायचे. आत ती पाढे म्हणायची, गाणी म्हणायची, शाळेतल्या गमती सांगायची. मग एकदा पाढे थांबले, गाणी थांबली. ती आत उतरून नुसती घासत राहायची.

झालं होतं ते असं. शाळेत एक दिवस तिला वर्गातच शू झाली. लघवीला जायचं कसं विचारावं, या संकोचात ती तास संपायची वाट बघत बसली होती. पोरं हसली. कुणीतरी ओरडलं, "अरे, टँकर आला रे टँकर!" दिव्याच्या पोरांना चिडवायला दुसरं काय सुचणार? ते नाव तिला चिकटलं. ती ओल्या कपड्यांनी घरी आली तो बिनपाण्याचा दिवस होता आणि माझ्यातलं पाणी रेघेखाली गेलेलं होतं. प्राची थकलेली होती. तिने कपडे धुतले, पोरीला आंघोळ घातली आणि धुता धुता बोलून गेली, "दोन बादल्या गेल्या गं रुचू! एवढी घोडी झालीस, तुला कळत नाही?"

ती रागावली आणि संध्याकाळपर्यंत विसरलीही. रुचिता विसरली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेतून आली की दप्तर ठेवायची, आजूबाजूला बघायची, माझं झाकण हळूच सरकवायची आणि आपली पाण्याची बाटली माझ्यात ओतायची. सकाळी भरून नेलेली बाटली तशीच्या तशी. मला ते पहिल्याच दिवशी कळलं. घरातल्या दुसऱ्या कुणाला कळलं नाही. रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. प्राची बेंबीला हिंग लावायची. उत्तम बुटाची नाडी बांधता बांधता म्हणायचा, "नाटकं आहेत. शाळा नको, दुसरं काय!" पोर सुकत चालली होती आणि मला तोंड नव्हतं. मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा आपण ड्रम असल्याचं दुःख झालं.

पण मला घुमता येत होतं.

तो शनिवार होता. रुचिताला माझ्यात उतरवून प्राची ओट्यापाशी भाजी चिरत होती. पाणी यायला थोडा वेळ होता. बऱ्याच दिवसांनी रुचिता माझ्याशी बोलली, अगदी हळू, तळाकडे तोंड करून. तिला वाटलं, ते आपल्या दोघांतच राहील. पण रिकाम्या ड्रममध्ये कुजबुजलेलंही लपत नाही. तिचा एकेक शब्द मी जमेल तेवढा मोठा करून बाहेर पाठवला.

"निळू, काल पण मी पाणी नाही प्यायले. आईच्या दोन बादल्या भरून द्यायच्यात ना. आणि नाही प्यायलं की शू पण होत नाही. मग कोणी टँकर नाही बोलत."

प्राचीच्या हातातली सुरी थांबली. ती माझ्यापाशी आली आणि तिने आत वाकून पाहिलं.

"रुचू, पाणी वाचवायला तुला कोणी सांगितलं?"

रुचिता घाबरून वर बघत राहिली. मग म्हणाली, "तूच."

तेवढ्यात नळाला पाणी आलं. मित्रांनो, दिव्यात नळाला पाणी आलं की माणसं हातातलं सगळं टाकून धावतात. प्राची धावली नाही. तिने लेकीला दोन्ही हातांनी माझ्यातून उचललं आणि तिला मांडीवर घेऊन तिथेच ओल्या फरशीवर बसली. "आईचं चुकलं गं. दोन नाही, दहा बादल्या गेल्या तरी चालतील," ती म्हणत होती, आणि दोघी रडत होत्या. शेजारच्या शालनमावशींनी दारातून हाक मारली, "अगं प्राची, पाणी चाललंय! पाइप लाव!"

"जाऊ द्या मावशी," प्राची म्हणाली.

त्या दिवशी मी रेघेपर्यंतसुद्धा भरलो नाही. पण आयुष्यात कधी वाटलं नव्हतं इतकं समाधान मला त्या दिवशी वाटलं.

उत्तमला संध्याकाळी सगळं कळलं. सँडपेपर घेऊन त्याने माझ्यातली लाल रेघ घासून काढली. मग रुचिताला जवळ घेऊन म्हणाला, "मी नाटकं बोललो ना तुला? सॉरी बाळा." नंतर त्याने स्वतः पेला भरून तिच्या हातात दिला आणि ती पिऊन संपवेपर्यंत समोर बसला. रविवारी डॉक्टरांना दाखवलं, औषध सुरू झालं.

सोमवारी हाफ डे घेऊन दोघं शाळेत गेले. रुचिताच्या वर्गशिक्षिका प्रियांका बाईंना त्यांनी सगळं सांगितलं. "ताई, ती इतकी शांत बसायची की मला वाटायचं, किती गुणी पोर," त्या प्राचीला म्हणाल्या. "मीच विचारायला हवं होतं." त्यांनी त्याच आठवड्यात वर्गात दोन नियम केले. शूला जायला कुणीही बाईंना विचारायचं नाही, सरळ उठून जायचं. आणि कपाटात सुक्या कपड्यांची एक पिशवी राहील, लागेल त्याने न्यायची, कारण सांगायचं नाही. मग त्यांनी लहानपणी आपलीही अशीच फजिती झाली होती ते मुलांना सांगितलं. मुलं हसली, पण त्या हसण्यात रुचिताही होती. पुढे महिन्याभरात त्या पिशवीतली पहिली चड्डी नेली ती विकीने, ज्याने टँकर हे नाव ठेवलं होतं त्यानेच. रुचिताने मला ते आत उतरून सांगितलं आणि बजावलं, "घुमू नकोस हं, हे कोणाला सांगायचं नाही." मी माझ्या परीने प्रयत्न केला.

आता रुचिता सातवीत आहे. माझ्यात ती मावत नाही. माझ्या तळाला चीर गेली आहे आणि मी गॅलरीत पालथा पडलो आहे, माझ्यावर कुंडी ठेवली आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला, प्राचीने दिलं नाही. कुणी माझ्याशी बोलत नाही. माझ्या जातीचे म्हातारे अशा वेळी कुरकुर करतात. मी करत नाही, कारण माझ्याशी आता कुणी का बोलत नाही ते मला ठाऊक आहे.

मित्रांनो, तुमच्या मनात काही साठलं असेल तर ते ड्रमला सांगू नका. प्रत्येक ड्रम माझ्यासारखा घुमेल याची खात्री नाही. माणसाला सांगा. आणि तुमच्या आईबाबांना माझा निरोप द्या: शांत बसलेल्या पोराची बाटली संध्याकाळी एकदा उचलून बघा.

परवा रुचिताचा धाकटा भाऊ सुशांत शाळेतून आला. पहिलीत आहे. चेहरा पडलेला होता. पाण्याची वेळ बदलली आहे, आता दुपारी येतं, आणि नळ धो धो वाहत होता. तो गॅलरीत माझ्याजवळून गेला, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि थेट आत जाऊन म्हणाला, "आई, आज ना वर्गात..."

प्राचीने नळ बंद केला आणि त्याच्यासमोर खाली बसली.