टाळूवरची सुई

रान चिंगयूच्या उजव्या गुडघ्याने हिवाळ्यापासून असहकार पुकारला होता. शेजारणीकडे जायचं तरी जिने चढावे लागतात अशा चीनमधल्या चोंगछिंग शहरात असा गुडघा म्हणजे घरातच अडकून पडणं. तेही तिने सोसलं असतं. पण वरच्या आळीतल्या माहजोंगच्या, म्हणजे सोंगट्यांच्या खेळाच्या, टेबलावरची तिची वर्षानुवर्षांची खुर्ची रिकामी पडली होती. चौघींशिवाय डाव होत नाही, आणि नव्याने राहायला आलेल्या यिनबाई रोज त्या टेबलाभोवती घुटमळत होत्या.

म्हणून ती थान डॉक्टरांकडे सुया टोचून घेत होती. त्या दुपारी गुडघ्यात सुया, त्यांच्या टोकांवर धुमसणारे औषधी पाल्याचे गोळे आणि एक सुई टाळूवर, असा सगळा थाट असताना फोन वाजला. वरच्या आळीतून तिची माहजोंगची जुनी भिडू फूताई बोलत होती. "तिघी बसलोय, एक कमी आहे. येतेस, की यिनबाईंना कायमचं बसवू?"

'एक कमी आहे' असं ऐकलेल्या चोंगछिंगच्या बाईला थांबवणं डॉक्टरांच्या बापालाही जमलं नसतं. गुडघ्यातल्या सुया घाईघाईने काढायला लावून ती निघाली. कठडा धरत, दर वळणावर गुडघ्याला शिव्या हासडत वर पोचली, तर खुर्चीत यिनबाई ठाण मांडून बसलेल्या. सोंगट्याही रचून झाल्या होत्या. चिंगयूचं तोंड एवढंसं झालं. सहज डोकावले, असं काहीतरी पुटपुटून ती वळली.

"थांब," फूताई म्हणाली. "डोक्यात काय आहे तुझ्या?"

केसांतून सुई चमकत होती. सगळ्या बघतच राहिल्या. मग यिनबाई उठल्या, पदराने पुसावी तशी हाताने खुर्ची पुसली आणि म्हणाल्या, "बसा ताई. अर्धे उपचार टाकून जी येते, तिची जागा मी नाही घ्यायची."

तेवढ्यात धापा टाकत थान डॉक्टर आले. सुया मोजताना एक कमी भरली होती. त्यांनी ती काढली आणि चिंगयूला चांगलीच बोलणी ऐकवली. ती खाली मान घालून सोंगट्या लावत राहिली. डोळे भरून आले होते आणि आनंद पोटात मावत नव्हता.

"पण गुडघा कसा आहे?" फूताईने विचारलं.

"ठणकतोय मेला," ती म्हणाली. "तू फासे टाक."