मोसम खलास

"अबू अनय, पाणी कमी करा! मुळं आळशी होतायत," युसुफ ओरडला.

सदानंदने व्हॉल्व्ह पिळला. अनयचा बाप म्हणून तो अबू अनय. नाशिकला या नावाने त्याला कुणी ओळखलं नसतं. दोहाबाहेरच्या या रोपवाटिकेत वर्ल्डकपच्या मैदानांसाठी हिरवळ वाढत होती. सदानंद पंप सांभाळायचा, युसुफ गवत.

युसुफ सीरियातल्या एका खोऱ्यातला शेतकरी. तिथे गव्हाच्या शेतांतून फौजा पुढेमागे होत. पेरणीला गाव सरकारचं, तर कापणीला बंडखोरांचं. त्याचे म्हातारे वडील अजून तिथेच होते. गहू घरात आला की निघतो, असं ते दर वर्षी म्हणत. सीमेजवळ युसुफची बहीण त्यांची वाट पाहत होती.

दोघांची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी आणि सापडतील ते सारखे शब्द. साबण म्हणजे साबून, खुर्ची म्हणजे कुर्सी, बाबा म्हणजे बाबाच. मोसमही तोच, असं सदानंदला वाटायचं.

जूनमधल्या एका सकाळी युसुफ फोन ठेवून गवत कापायच्या यंत्रापाशी बसला.

"बाबा काय म्हणतात?"

"अल-मौसम खलास," मान वर न करता तो म्हणाला.

मोसम संपला, म्हणजे कापणी झाली! सदानंदने लगेच दोहातल्या घरी बायकोला फोन लावला. "सरोज, युसुफच्या बाबांचा गहू निघाला. सुटले म्हातारबुवा!"

"बरं झालं बाई! उद्या लाडू देते. आणि अहो, ते त्याच्यासाठी आहेत. तुमची शुगर बघा."

दुसऱ्या दिवशी सदानंदने डबा उघडून पुढे धरला. "मबरूक! बाबा निघाले?"

युसुफ डब्याकडे पाहत राहिला. मग लहान मुलाला समजवावं तसं हळू म्हणाला, "अबू अनय, आमच्याकडे मौसम म्हणजे पीकसुद्धा. तोफांनी शेत पेटलं. बाबा ओलं पोतं घेऊन विझवायला गेले."

"मग?"

"परत आले नाहीत."

सदानंदला डबा मागे घेता येईना, पुढेही धरवेना. युसुफनेच एक लाडू उचलला.

"कशाचा?"

"रव्याचा. म्हणजे... गव्हाचाच."

युसुफने तो सावकाश खाल्ला. तळहातावरचे कण बोटाने टिपले, तेही खाल्ले.

फवारे आपोआप सुरू झाले. हिरवळीवर पाणी साचू लागलं. सदानंद व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा राहिला. पाणी कमी करा, असं युसुफ म्हणाला नाही.