साठ टोपल्यांची वरात

"अहो, छपरासाठी ठेवलेले बांबू काढा, चिरायला घेते!" टोपलीवालीने फर्मान सोडलं.

नवरा हबकला. "आणि पाऊस आला की?"

"बाजारातल्या व्यापाऱ्याकडून साठ टोपल्यांची मागणी आलीय! जन्मात आली होती का कधी? टोपल्या गेल्या की नवे बांबू आणू."

आठ दिवस बाईने पाठ टेकली नाही. बोटं सोलली, पण साठ टोपल्या उभ्या केल्या. नवव्या दिवशी टेम्पोवाला आला आणि मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, सहाच लागतात म्हणे."

बाईच्या पायाखालची जमीनच सरकली. मग पारा चढला. साठही टोपल्या टेम्पोत कोंबून ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. "चल! बघतेच एकेकाला."

अंड्यांसाठी टोपल्या मागवणाऱ्या काकूंनी हात झटकले. "मी बाई सहाच सांगितल्या होत्या." सहा घेऊन त्या मोकळ्या झाल्या.

काकूंनी ज्याला सांगितलं होतं, तो दुकानदार डोकं खाजवत म्हणाला, "ऐन वेळी कमी नकोत, म्हणून मी पंधरा कळवल्या."

बाईने टेम्पोवाल्याकडे पाहिलं. त्याने घाईघाईने दुकानदाराकडे बोट दाखवलं. "हा नेहमी कमीच सांगतो, म्हणून मी व्यापाऱ्याला तीस सांगितल्या..."

"आणि त्या व्यापाऱ्याने मला साठ! वा रे शहाण्यांनो! ज्याने जेवढ्या वाढवल्या, त्याने तेवढ्या न्यायच्या!"

दुकानदाराच्या गळ्यात नऊ पडल्या. टेम्पोवाल्याच्या घरी पंधरा उतरल्या, तेव्हा त्याच्या बायकोने त्याला अंगणातच फैलावर घेतलं. राहिल्या तीस. व्यापारी म्हणाला, "एवढ्या ठेवू कुठे, ताई?" बाई टोपल्यांसकट त्याच्या दारात ठाण मांडून बसली. गिऱ्हाइकं टोपल्या ओलांडताना खो खो हसू लागली, तसा तो मुकाट्याने पैसे काढायला उठला.

बाईला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी नवे बांबू आले. छप्पर झालं, तरी अंगणात ढीग उरलाच.

"अहो, मी वीस सांगितले होते. हे तीस कसे?"

नवरा चाचरला. "कमी पडले तर काय घ्या, म्हणून मी पंचवीस म्हणालो. टेम्पोवाल्याने वर पाच टाकले असतील."

"कमाल आहे तुमची! एवढं रामायण झालं, तरी तेच?"

"पण छपराला तर पंधराच लागले. वीस कुणी सांगितले?"

बाईने आधी पदर तोंडाला लावला. मग तिला हसू आवरेना, आणि नव्या छपराखाली दोघंही पोट धरून हसत सुटली.