कॅप्सूलमधलं मक्याचं पीठ

धाकट्या जावेचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. हो, जळते मी तिच्यावर! लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंनी औषध घ्यावं ते माझ्याच हातचं. औषधांचं दुकान माझं, फार्मसीची पदवी माझी. आणि ही बया कुठल्याशा गंधकाच्या कॅप्सूल घेऊन आली काय, "आई, शरीरातली सगळी विषं निघून जातील" म्हणाली काय, सासूबाई तिच्याच झाल्या!

"कसं हलकं वाटतंय गं," येईल-जाईल त्याला सांगायच्या.

मी बसून गंधकावर झालेले अभ्यास वाचून काढले. पॅरासिटामॉल अति पोटात गेलं तर हॉस्पिटलात गंधक असलेलंच एक औषध देतात, ते खरं. गुडघेदुखीला थोडाफार उतार पडल्याचे काही लहान अभ्यास आहेत, तेही खरं. पण धडधाकट माणसाची विषं या कॅप्सूलनी निघतात, याला धड पुरावा काही सापडला नाही. ते काम लिव्हर आणि किडन्या फुकटात करतात. घरी सांगितलं, तर नवरा म्हणतो, "तुला तिचं काही बघवत नाही."

म्हटलं, थांबा, दाखवतेच. सासूबाईंची नवी डबी गुपचूप दुकानात नेली. एकेक कॅप्सूल उघडून आतली पूड फेकली, मक्याचं पीठ भरलं आणि डबी होती तिथं ठेवून दिली.

सासूबाईंचं हलकं वाटणं तसंच चालू! उलट आता झोपही छान लागते म्हणे. मला नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. डबी संपली त्या दिवशी सगळे जेवायला बसले असताना सांगूनच टाकलं. "आई, ही अख्खी डबी तुम्ही मक्याचं पीठ खाल्लंत. मी भरलं होतं. गंधकाचा कणसुद्धा नव्हता."

जावेचं तोंड एवढंसं झालं. काय गार वाटलं म्हणून सांगू!

सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे हिच्या गोळ्यांत काही दम नाही."

"काही नाही!"

"बरं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू मला न सांगता माझ्या औषधात हात घातलास."

"अहो आई, ते औषध कुठं होतं?"

"मी औषध म्हणूनच घेत होते ना!" त्या जावेकडे वळल्या. "उद्यापासून माझी बीपीची गोळीही तूच देत जा गं. हिच्या हातची आता माझ्या घशाखाली उतरायची नाही."