कोसाडच्या ताराबेन

उषाबाई बावीस वर्षं रेडिओला पत्रं लिहीत होती. बमरोलीतल्या खोलीत दिवसभर साड्यांना खडे चिकटवायचं काम चाले, पण दुपारी दोनला फर्माइशीचा कार्यक्रम लागला की तिचे हात थांबत. महिन्यातून एखादवेळी तिचं नाव यायचं. मात्र निवेदक विकासभाई दर आठवड्याला न चुकता गुजरातीत म्हणायचे, "अने आपणां कोसाडनां ताराबेन!"

हे 'आपणां', म्हणजे 'आपल्या', तिला झोंबायचं.

"गाणं तर तेच लागतं ना?" नवरा, भिकन, म्हणायचा.

"तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणायची.

यंदा उधन्याच्या एका समाजवाडीत श्रोत्यांचा मेळा भरला. उषाबाई ठेवणीतली साडी नेसून तासभर आधीच पोचली. धुळ्याचे, नवसारीचे, वापीचे लोक आले होते. इतकी वर्षं रेडिओवर ऐकलेली नावं एकमेकांना मिठ्या मारत होती. तिचाही ऊर भरून आला. धीर करून ती विकासभाईंपुढे गेली.

"मी बमरोलीची उषा."

"अरे वाह, सरस, सरस," ते म्हणाले आणि तिच्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, "ताराबेन आव्यां के? मी त्यांना कधी पाहिलेलंच नाही."

"मला काय माहीत," उषाबाई म्हणाली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

शेजारी एक किडकिडीत बाई लंगडत येऊन टेकली. दोघींचं बोलणं निघालं तशी ती बाई एकदम सरसावून बसली. "तू बमरोलीनी उषाबाई? मी तारा. कोसाडनी!" तिने उषाबाईचा हात धरला. "तू मागितलेली गाणी मी वहीत लिहून ठेवते. तुझ्यासारखी पसंती कोणाची नाही बघ."

उषाबाई हसली, पण आतून जळत होती. ही बोलतेही गोड.

थोड्या वेळाने ताराबाई म्हणाली, "बाई, मी जरा तोंड धुऊन येते. गर्दीत जीव घाबरतो माझा. नाव पुकारलं तर हाक मार."

ती गेली आणि पाचच मिनिटांत विकासभाई माईकवर आले. या वर्षीचं मानचिन्ह कोसाडच्या ताराबेनना! सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. लोक माना वळवून शोधत होते. चेहरा फक्त उषाबाईला ठाऊक होता. नळ दाराबाहेर दहा पावलांवर, पण या गोंगाटात तिथे नाव ऐकू जाणार नव्हतं. तिने पदर घट्ट धरला आणि समोर बघत राहिली.

तीनदा नाव घेऊन विकासभाई म्हणाले, "आव्यां नथी लागतां, आलेल्या दिसत नाहीत." मानचिन्ह टेबलावर गेलं.

ताराबाई परत आली. "मनं नाव लिधं का? पुकारलं का?"

"नाही."

क्षणभर उषाबाईला गार वाटलं. नंतरच्या भाषणांतला एकही शब्द तिच्या कानात शिरेना. ताराबाई मात्र प्रत्येक नावाला पुढे झुकत होती. कार्यक्रम संपला तेव्हा पिशवी उचलत म्हणाली, "जाऊ दे. मला उगाच वाटलं होतं, बोलावतील."

"बोलावलं होतं," उषाबाईच्या तोंडून निघालं. "मी हाक मारली नाही."

"का?"

"नेहमी तुझंच नाव येतं म्हणून."

ताराबाईने पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, "चल. त्यांना सांग."

उषाबाईने विकासभाईंपुढे जाऊन सगळं सांगितलं. ते तिच्याकडे न बघता मानचिन्ह आणायला टेबलाकडे वळले, हेच तिला जास्त लागलं. माईक बंद झाला होता, माणसं खुर्च्या घडी करत होती. टाळ्यांशिवायच मानचिन्ह ताराबाईच्या हातात आलं. पण विकासभाई तिची जुनी पत्रं तोंडपाठ म्हणून दाखवू लागले, ती लाजून हसू लागली, आणि बाजूला उभ्या उषाबाईला पुन्हा तीच आग लागली. शरम होती, तरी आग होतीच.

ताराबाईने मोबाईल तिच्यापुढे धरला. "आमच्या दोघांचा फोटो काढ."

पहिला फोटो हलला. उषाबाईने भिंतीला पाठ टेकली, श्वास रोखला आणि दुसरा काढला.

ताराबाईने तो मोठा करून पाहिला. "बरा आलाय," म्हणाली आणि मानचिन्ह पिशवीत घालून, लंगडत, एकटीच रिक्षाकडे निघाली.