चिखल नसलेल्या दिवशी

मित्रांनो, वेंडेल मधवाल्याच्या कुंपणापाशी जी पिवळी गाडी उभी आहे, जिच्यात आता मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्या रचून ठेवल्या आहेत, ती मीच. माझ्या सीटा उपटल्या, निम्म्या काचा गेल्या आणि मागच्या खिडकीत गांधीलमाश्यांनी बिऱ्हाड थाटलं. तरी मला नुसतं भंगार म्हणू नका. मी हॉल्मर गावाच्या शाळेची बस होते. त्या गावाने माझं कौतुकही केलं आणि माझ्याकडून एक काम असंही करून घेतलं, की त्याचा राग माझ्या गंजाखाली अजून धुमसतो आहे.

कारखान्यातून मी आले तेव्हा अशी काही चमकत होते, की दूधवाला ट्रकसुद्धा मला वाट द्यायचा. हॉल्मर म्हणजे बीट आणि गव्हाच्या शेतांच्या मधोमध वसलेलं छोटंसं गाव. धान्याचं उंच कोठार, चर्च, पेट्रोल पंपावरचा कॉफीचा अड्डा आणि शाळा. आमच्या शालेय विभागात एवढी एकच इमारत होती. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून मला रात्रभर विजेच्या तारेला जोडून ठेवत. पोरं माझ्या सीटांवर नावं कोरत, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत आणि माझ्याच पोटात बसून मला शिव्या देत. मला ते सगळं गोड वाटायचं.

वर्ना लुंड माझी चालक. तोंडाने फटकळ, मनाने मऊ, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणत असे.

आता परीक्षेच्या आकड्याविषयी सांगते. दर वसंतात चौथीच्या पोरांची राज्याची परीक्षा व्हायची आणि मग शरद ऋतूत निकाल लागायचा, आमचा विभाग राज्याच्या पुढे की मागे. एका वर्षी आम्ही पुढे गेलो. केसभरच, पण गेलो. गावाने माझ्या दोन्ही अंगांना कापडी फलक बांधले, ‘हॉल्मर राज्याच्या पुढे’, आणि मला मिरवणुकीत ट्रॅक्टरांच्याही पुढे चालवलं. मी हुरळून गेले होते. पण ही शर्यत मुळातच कशी वेडी आहे, ते मला नंतर कळलं. राज्यात पोरं हजारोंनी. तिथे चार घसरली काय नि चार चढली काय, कोणाला पत्ता लागत नाही. आमच्या चौथीच्या वर्गातली पोरं मात्र एका लांब सीटवर दाटीवाटीने मावली असती. त्यातलं एक घसरलं की अख्खं गाव घसरायचं.

आणि पुढच्याच वर्षी ते घसरलं. राज्याने कळवलं, पुन्हा मागे राहिलात तर तुमची शाळा वॉर्टनच्या मोठ्या शाळेत विलीन करू. कॉफीच्या अड्ड्यावर त्यानंतर दुसरा विषय नव्हता. शाळा गेली की गाव गेलंच म्हणायचं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

चौथीत ट्रीना हॉफर नावाची मुलगी होती. तिचं घर डांबरी रस्त्यापासून बरंच आत, मातीच्या वाटेवर. बाप साखर कारखान्यात रात्रपाळीला, आई पहाटेच गाडी घेऊन दूरच्या वृद्धाश्रमात कामाला. ट्रीनाला वाचता येत नसे. पहिलं अक्षर बघून ती बाकीचा शब्द ठोकून द्यायची. त्या हिवाळ्यात वर्नाने तिला आपल्या पाठीशी असलेल्या पहिल्या सीटवर बसवायला सुरुवात केली.

“ती पाटी वाच बघू.”

“ताजी... ताजी अंगठी!”

“कोंबडी काय अंगठ्या घालते का गं? नीट बघ.”

“अंडी! ताजी अंडी, मिस वर्ना!”

एकेका पाटीला मूठभर बिया, असा सौदा होता. बर्फ वितळेपर्यंत ती टपालपेट्यांवरची नावं, चर्चचे फलक, माझ्या टपाखाली चिकटवलेले नियमसुद्धा घडाघडा वाचू लागली. “बस चालू असताना उभे राहू नये,” असं ती उभी राहून वाचायची. वर्ना खो खो हसायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतकी सुखी कधीच नव्हते.

आमच्याकडे एक रीत होती. बर्फ वितळलं की मातीच्या वाटांवर असा चिकट चिखल होतो, की बस आत गेली तर ट्रॅक्टर लावूनच ओढून काढावी लागते. म्हणून तशा दिवशी सकाळी रेडिओवर सांगत, ‘आज हॉल्मरच्या बसगाड्या चिखलमार्गाने.’ मग मी फक्त डांबरीवरून जायचे आणि आतले लोक पोरांना आपापल्या पिकअपने डांबरीवर आणून सोडायचे. ज्याला जमलं नाही त्याचं पोर घरी राहायचं. चिखलाची गैरहजेरी शाळेत कोणी मांडतच नसे.

परीक्षेच्या दिवशी सकाळी शाळाप्रमुख रॉजर ऑस्टबी बसच्या शेडमध्ये आले. ते आणि वर्ना एकाच वर्गात शिकलेले.

“वर्ना, आज चिखलमार्ग. रेडिओला सांगितलंय मी.”

“चिखल? अरे, धूळ उडतेय बाहेर! डोळे तपासून घे.”

“उडू दे. बाकीच्यांकडे पिकअप आहेत, येतील ती पोरं.”

वर्ना थांबली. “हॉफरची नाही येणार.”

ऑस्टबींनी घड्याळात पाहिलं.

“ती वाचते आता, रॉजर. खरंच वाचते.”

“रस्त्यावरच्या पाट्या वाचते. परीक्षेत उतारा असतो, अंड्यांची पाटी नसते. एका पोरीवर गावाची शाळा लावू मी पणाला? तुझा नातू पुढच्या वर्षी पहिलीत ना? रोज तासभर बसमध्ये बसवून पाठवशील त्याला वॉर्टनला?”

वर्नाने माझी किल्ली फिरवली. मला वाटलं, ही आता खास तिच्या ठेवणीतलं काहीतरी ऐकवेल. ती म्हणाली, “बाजूला हो. उशीर होतोय.”

आम्ही निघालो. मातीची वाट आली. ती खडखडीत कोरडी होती. वर्ना वळली नाही. मी काय करणार? चाकं माझी असली तरी वळवणारे हात तिचे. एवढ्यात मला दिसलं, वाटेवरून दप्तर सांभाळत ट्रीना धावत येत होती. रेडिओ ऐकून ती एकटीच डांबरीकडे निघाली होती. आम्ही पुढे गेलो आणि ती मागे डांबरीवर येऊन पोचली, हात हलवत. वर्नाने आरशात पाहिलं. तिचा पाय ब्रेकवर आला. मी थांबायला इतकी आतुर होते, की माझं सगळं अंग आवळलं गेलं. आणि मग तो पाय उचलला गेला आणि शेजारच्या ॲक्सिलरेटरवर दाबला गेला. ज्या पायाच्या भरवशावर मी बर्फात, वादळात डोळे मिटून धावले, त्या पायाने मला त्या पोरीपासून पळवून नेलं.

दुसऱ्या दिवशी मी मातीच्या वाटेने आत गेले. ट्रीना चढली आणि सरळ अगदी शेवटच्या सीटवर जाऊन बसली.

“ये गं इकडे,” वर्ना म्हणाली. “नवीन पाटी लागलीय वळणावर. वाचतेस का?”

“मला वाचता येत नाही.”

“असं काय बोलतेस? तुला येतं.”

“मग काल थांबला का नाहीत?”

बियांची पुडी वर्नाच्या मांडीवर तशीच राहिली. त्यानंतर ट्रीनाने माझ्यात बसून एकही अक्षर मोठ्याने वाचलं नाही.

शरदात निकाल लागला. आमच्या चिखलाची रीत राज्याला कुठली माहीत! जे मूल परीक्षेला बसलं नाही ते नापास, असा राज्याचा हिशेब होता. आम्ही राज्याच्या मागे पडलो, आणि पडलो तेही एका पोराइतकेच. ऑस्टबी कॉफीच्या अड्ड्यावर राज्याच्या नावाने बोटं मोडत बसले. गावानेही त्यांना साथ दिली. ट्रीनाचं नाव कोणी घेतलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेला कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी उतरताना प्रत्येक पोराने माझ्या दारावर थाप मारली. ट्रीना सगळ्यांत शेवटी आली. वर्नाने दार उघडलं, पण तिला लगेच उतरू दिलं नाही.

“ट्रीना, त्या दिवशी मी तुला आरशात पाहिलं होतं.”

“माहीत आहे, मिस वर्ना,” ती पायरीवरूनच म्हणाली. “ब्रेकचे लाल दिवे लागले होते. मला वाटलं, तुम्ही थांबताय. म्हणून मी आणखी जोरात धावले.”

आणि ती उतरून वाटेला लागली. माझे दिवे, मित्रांनो! त्या पोरीला खोटी आशा दाखवली ती माझ्याच दिव्यांनी. वर्नाला ते कसं वाटलं, मला ठाऊक नाही. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

मला कोणी नवा रंग द्यावा, अशी माझी मागणी नाही. गांधीलमाश्यांनाही राहू द्या. पण कोण पुढे नि कोण मागे, अशी शर्यत तुमच्या गावात लागेल, तेव्हा रस्त्याकडे नीट पाहा. एखादं पोर हात हलवत मागून येत असेल. त्याच्यासाठी ब्रेकवर पाय ठेवलात, तर मग तो काढू नका.