महाराजांचं उष्टं

उमरीच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. तेजोनाथ महाराजांनी रुद्राक्ष बांधलेल्या बाटलीतून 'तीर्था'चे चार थेंब तांदळाच्या पेजेत टाकले आणि पांढरी पेज काळीनिळी झाली. पेज नागुबाईच्या घरची, बाळंतीण सुनेसाठी शिजवलेली.

"करणी हाय, माय. सुनेच्या घासाघासात ईष हाय."

मग महाराजांनी दुसऱ्या वाटीतली पेज तोंडात घेतली, गाल फुगवून मंत्र गुळगुळवला आणि ती वाटीत परत सोडली. पुढचा पाऊण तास स्वतःचीच थोरवी सांगितली. नंतर तेच थेंब टाकले. पेज निळी झाली नाही. लोक पायांवर पालथे पडले. हुकूम सुटला: अकरा दिवस सुनेनं रोज फक्त वाटीभर महाराजांचं उष्टं खावं, वर पेलाभर दूध, बाकी घास वर्ज्य; दूध पवित्र, ते थेंबांनी निळं होत नाही.

नागुबाई जन्मभर कीर्तनात रमलेली. पण कोणता कीर्तनकार बाळंतिणीला आपली थुंकी पाजतो, हे तिला त्या भरात सुचलं नाही. चौथ्या दिवशी सुनेला, वर्षाराणीला, उठवेना. पान्हा आटला, रडून रडून बाळाचा घसा बसला.

शेजारची अर्शिया मुदखेडच्या शाळेत विज्ञान शिकवते. बाळाला बघायला आली, हकिगत ऐकली आणि घरून आयोडीनची बाटली घेऊन आली. तिचे थेंब पडताच पेज तशीच काळीनिळी झाली. नागुबाईनं वाटी दूर सारली.

"मावशी, आता सूनबाईलाच पेज तोंडात धरू द्या."

"तिच्यातच तर करणी हाय."

"म्हणूनच."

वर्षाराणीनं घोट घोळवून वाटीत सोडला. पाऊण तासानं थेंब टाकले. पेज निळी झाली नाही.

अर्शियानं उलगडून सांगितलं. आयोडीननं पिष्ट निळं होतं. लाळ त्या पिष्टाची साखर करते. उरलेलं काम लहान आतड्यात होतं. दुधात पिष्टच नाही, मग निळं काय होणार? त्यातली प्रथिनं लाळेला दाद देत नाहीत, ती जठरात फुटायला लागतात.

"म्हंजे महाराजाच्या तोंडात जे हाय, ते माझ्या सुनेच्याबी?"

"हाव. उंदराच्याबी."

नागुबाईनं सुनेपुढं ऊन भाकरी आणि वरण ठेवलं, ती पोटभर जेवेपर्यंत जागची हलली नाही. मग स्वतः पेजेचा घोट घोळवला आणि ती वाटी घेऊन मंडपात गेली. सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्यात माझं उष्टं हाय. टाका थेंब."

महाराजांना अचानक समाधी लागली.

लोकहो, देवाला जरूर भजा. पण बाळंतिणीच्या तोंडचा घास जो काढून घेतो, त्याच्या पाया पडण्याआधी त्याची बाटली हुंगून बघा.